पहिली माउंटन बाइक: पैसे आधी कुठे घालावेत?

साताऱ्याहून प्रश्न: बजेट पन्नास हजारांचं आहे. तेवढ्यात पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल मिळतेय. घेऊ का?

नका घेऊ. या किमतीत मागचं सस्पेन्शन द्यायचं तर कंपनी ब्रेक, चाकं, गिअर सगळीकडे हात आखडता घेते. सायकल जड होते, चढावर प्रत्येक पॅडलला डोलते आणि पावसाळ्यातल्या चिखलाने मागचे सांधे लवकर ढिले पडतात. हार्डटेल घ्या, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली. हेड ट्यूब, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या टोकाची, फोर्कची (पुढच्या चिमट्याची) दांडी जिच्यातून वर जाते ती नळी, टेपर्ड, म्हणजे खाली रुंद होणारी हवी. ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, डिस्क हवेत. मागच्या चाकात आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील नको, फ्रीहबवरची (चाकाच्या हबच्या सुट्या फिरणाऱ्या भागावर खाचांत सरकवून बसवलेली) कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच, हवी. थ्रू-एक्सल, म्हणजे हबमधून आरपार जाणारा जाड आस, मिळाला तर फारच उत्तम. गिअर नि टायर पुढे कधीही बदलता येतात, हेड ट्यूब बदलता येत नाही.

पुण्याहून: माझ्याकडे जुनी २१ गिअरची सायकल आहे. तिला एअर फोर्क (हवेच्या दाबावर चालणारं पुढचं सस्पेन्शन) आणि १२ स्पीड (मागे बारा चक्रं) बसवायचं आहे. जमेल?

जमवता येईल, पण मी तसं सुचवणार नाही. जुन्या सायकलींची हेड ट्यूब बहुधा सरळ असते, आतून साधारण ३४ मिलिमीटर. हल्लीचे बहुतेक चांगले एअर फोर्क टेपर्ड असतात, त्यांची दांडी खालच्या टोकाला ३८ मिलिमीटरची असते. ती आत जाणारच नाही. सरळ दांडीचा फोर्क शोधून मिळाला, तरी त्याचा ट्रॅव्हल, म्हणजे तो किती दबतो ते अंतर, जुन्याइतकाच हवा. २० मिलिमीटर वाढवले तर हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा कल, सुमारे एका अंशाने बदलतो आणि फ्रेमवर तिच्या बेतापेक्षा जास्त ताण येतो.

गिअरचंही तसंच. २१ गिअर म्हणजे पुढे तीन, मागे सात, आणि मागे बहुधा फ्रीव्हील. शिमानोची १०-५१ दातांची बारा स्पीड कॅसेट मायक्रो स्प्लाइन नावाच्या खास खाचांच्या फ्रीहबवरच बसते. म्हणजे नवं चाक, नवा शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका), डेरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), चेन, आणि पुढची चक्रंही. बेरीज करा, नव्या हार्डटेलचा मोठा वाटा इथेच निघून जाईल. सध्या चांगले रुंद टायर घाला, फ्रेमवर डिस्कची सोय असेल तर हायड्रॉलिक ब्रेक बसवा, बाकीचे पैसे साठवा. उतारावरचा फरक पहिल्याच फेरीत कळेल.

सोलापूरहून: बाभळीच्या काट्यांनी दर आठवड्याला पंक्चर होतं. उपाय?

ट्यूबलेस. आपल्या माळरानावर याहून उपयोगाचं अपग्रेड मला माहीत नाही. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेस-रेडी हवेत. साध्या रिमवर टेप चिकटवून जुगाड करू नका, वळणावर टायर सुटला तर हाड मोडेल. काटा घुसला की टायरच्या आत ओतलेलं सीलंट नावाचं द्रव भोक बुजवतं. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तपासून भर घाला. शिवाय हवा कमी ठेवता येते: ७० किलोच्या माणसाला २.२५ इंची टायरमध्ये पुढे २२, मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करायला हरकत नाही. सुट्या खडीवर पकड लगेच सुधारते. तरी एक ट्यूब सोबत असू द्या, बाजूची भिंत फाटली तर सीलंट काही करू शकत नाही.

चिपळूणहून: उंची पाच फूट दोन इंच. दुकानदार म्हणतो, मीडियम घ्या, सीट खाली करून देतो.

सीट खाली जाते, फ्रेमची लांबी कमी होत नाही. स्मॉलसाठी थांबा.