कामगाराला शिकवले की तो सोडून जातो का?

आपण विचारले आहे की, कामगाराला स्वतःच्या खर्चाने शिकवले आणि तो दुसरीकडे निघून गेला, तर मालकाच्या पदरात काय पडते. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, देखरेखीचे काम करतो, म्हणून इथे जे दिसते त्यावरूनच उत्तर देतो.

आमचे काम हंगामी आहे. दिवाळीच्या आसपास कापूस येऊ लागतो आणि उन्हाळ्यात माणसे घरी जातात. त्यामुळे टिकणे म्हणजे पुढच्या हंगामाला त्याच फाटकातून परत येणे. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावरील, म्हणजे डबल रोलर जिनवरील, स्थिर आणि हलत्या सुरीतले अंतर फिटरने नीट लावले नाही, तर सरकी फुटते, तिचे तुकडे रुईत मिसळतात आणि १७० किलोच्या गाठीचा भाव पडतो. चामड्याच्या रोलरवरील खाचा झिजल्या की पुन्हा केव्हा पाडायच्या, हे त्याला रुईच्या उताऱ्यावरून आणि हाताने चाचपून ओळखावे लागते. असा माणूस दरवर्षी नव्याने तयार करणे कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा महाग पडते.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये सर्वत्र चालणारे कौशल्य आणि एकाच कारखान्यापुरते कौशल्य असा भेद मांडला. जिन फिटरचे कौशल्य पहिल्या प्रकारचे आहे. ते अंगी आले की तेलंगणातही त्याला मागणी असते. म्हणजे बाजारात त्याची किंमत वाढते, आणि ती आपण दिली नाही तर दुसरा देतो. एका ठिकाणी हेल्पर असलेल्या मुलाला नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात पाठवले होते. परत आल्यावर त्याला जुन्याच मजुरीवर कचरा उचलायला लावले, तेव्हा पुढच्या हंगामात तो आला नाही, यात नवल नाही. प्रशिक्षणाने तो गेला असे म्हणणे मला पटत नाही, शिकलेले वापरू दिले नाही म्हणून तो गेला.

काही जण कामगाराला बॉन्डने बांधून ठेवू पाहतात, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याचे लिहून घेतात. असा वाजवी बॉन्ड सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात वैध ठरवला असला, तरी हंगामी मजुराची मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणे हा सरळ अन्याय आहे.

माझा सल्ला असा की, पाठवण्यापूर्वीच नवी मजुरी आणि हुद्दा लेखी ठरवावा, आणि पोळ्यानंतर यंत्रांच्या ओव्हरहॉलिंगला त्यालाच प्रथम बोलवावे, म्हणजे रिकाम्या महिन्यांतही त्याच्या घरात चार पैसे जातील.