ओठ आधी खाली आण

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांच्या अर्धपुतळ्याच्या शाडूतल्या कामाचे फोटो पाहिले. कपाळ सुरेख आलंय, कानही. गाडं अडलंय ते ओठांपाशी. ट्रस्टची मंडळी म्हणाली, ‘डॉक्टर दानशूर वाटले पाहिजेत’, आणि तू ओठांचे कोपरे वर उचललेस. ते आधी खाली आण.

हीच चूक मी केली आहे. तोही एका सर्जनचाच अर्धपुतळा. काम मातीत असताना त्यांची मुलगी बघायला आली. बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा हसायचे ना, तेव्हा आधी डोळे बारीक व्हायचे. हे फोटोसाठी हसलेत." रात्रभर झोप लागली नाही. सकाळी नाकाखालचा सगळा भाग तारेने कापून काढला.

तू रोज घोले रस्त्याने जातोस. तो रस्ता ज्यांच्या नावाचा, ते डॉ. विश्राम रामजी घोले (१८३३–१९००) सर्जन होते, जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्यांची मुलगी काशी लहानपणीच गेली. लाडाने तिला बाहुली म्हणत. तिच्या आठवणीसाठी त्यांनी हौद बांधला आणि पाणी सगळ्या जातींना खुलं ठेवलं. त्या काळच्या पुण्यात! घोल्यांचं मोठेपण त्या पाण्यात आहे. तुझ्या डॉक्टरांनी काय दिलं, किती दिलं, ते चौथऱ्यावर कोरतीलच. ओठांनी सांगायला नको.

चेहऱ्यात काम दिसू दे. जन्मभर ऑपरेशन टेबलावर वाकलेल्या माणसाची मान अशी खांबासारखी नसते, डोकं जरा पुढे आलेलं असतं. अर्धपुतळ्याला हात नाहीत, म्हणून सर्जनचे हात खांद्यांतच शोधावे लागतात. कुठला खांदा खाली होता, ते त्यांच्या ऑपरेशन थिएटरमधल्या जुन्या सिस्टरना विचार. विचारायला लाजू नकोस. त्यांनी वर्षानुवर्षं मास्कच्या वरचे डोळेच पाहिलेत, ओळख पटेल ती तिथेच. बुबुळ खोल कोर आणि वरच्या कडेला कणभर उंचवटा राहू दे. ब्राँझमध्ये उजेड त्यावर थांबतो आणि नजर जिवंत होते.

तुझ्याकडचा फोटो फार जवळून काढलाय, त्यात नाक मोठं होतं आणि कान मागे जातात. बाजूचा एक तरी मिळव. आणि तो उलटा छापलेला नाही ना, हेही बघ: शर्टाचा खिसा डाव्या छातीवर हवा.

गळ्यात स्टेथोस्कोप घालू नकोस, कुणी कितीही म्हणो.

पुतळा चौथऱ्यावर चढणार, लोक खालून बघणार. स्टँड उंच कर, स्वतः जमिनीवर बस आणि हनुवटीखालचा भाग नीट न्याहाळ. तिथे तू घाई केली आहेस.

माती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव. रविवारी सकाळी येतो, उजेड चांगला असतो. तोवर ओठ कापून ठेव.

तुझे,
सर