इंजेक्शन आता बंद केलं तर?

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी ताप येऊन आज गुडघा तर उद्या घोटा असे सांधे सुजले. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयातली एक झडप, मायट्रल व्हॉल्व्ह, खराब झाल्याचं कळलं. तेव्हापासून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे. आता ती खो-खो खेळते, पण इंजेक्शनच्या दिवशी रडते. गावातले डॉक्टर रिअ‍ॅक्शनच्या भीतीने नको म्हणतात. सासूबाई म्हणतात, पोर ठणठणीत आहे, बंद करा. काय करू?
— एक आई, जुन्नर तालुका

उत्तर : ताई, बंद करू नका. तुमच्या मुलीला झालाय तो रुमॅटिक हृदयरोग. हे इंजेक्शन खराब झालेली झडप दुरुस्त करत नाही, पुढचा हल्ला अडवतं. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच झडपांवर उलटतं. असं दर वेळी झालं की झडप आणखी जाड होते, आखडते.

जिल्हा रुग्णालयात असताना माझ्याकडे २२ वर्षांची एक मुलगी आली होती. सहावा महिना. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून आठ दिवस भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. पाठीला चुना लागलेला. लग्न ठरल्यावर, सासरी कळू नये म्हणून, घरच्यांनी इंजेक्शनं थांबवली होती. नळीवाटे हृदयात फुगा नेऊन आखडलेली झडप उघडली, ती वाचली. पण ती वेळ यायलाच नको होती.

झडपेत दोष राहिला असेल तर किमान १० वर्षं किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यात जे लांबचं असेल तोवर इंजेक्शन घ्यायचं. जीवघेणी रिअ‍ॅक्शन क्वचितच येते, पण तयारी हवी. म्हणून ग्रामीण रुग्णालयात जा. उपाशीपोटी नेऊ नका, झोपवून द्यायला सांगा, नंतर अर्धा तास तिथेच थांबा. औषध दुधासारखं दाट असतं, बारीक सुईत अडकतं. बाटली मुठीत धरून कोमट केली आणि सावकाश टोचलं तर दुखणं कमी होतं. भुलीचं औषध मिसळता येईल का, तेही विचारा.

हृदयरोग म्हटलं की आपल्याला पन्नाशीतला माणूस आठवतो. हा आजार मात्र दाटीवाटीच्या घरांतल्या शाळकरी मुलांना गाठतो. जागतिक आरोग्य सभेने २०१८ साली त्यावर ठराव केला, तरी आपल्याकडे त्याची चर्चाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक. घरातल्या इतर मुलांचा घसा तापासह दुखला, गिळता येईना, तर हळद-दुधावर भागवू नका. त्याच दिवशी दाखवा.