आजार दोघांनाही होतो, मग धोरणात स्त्री-पुरुष असा वेगळा विचार कशाला?

मधुमेह, बीपी, कॅन्सर बाईलाही होतात आणि पुरुषालाही, मग प्रतिबंधाच्या कार्यक्रमात दोघांचा वेगळा विचार का करायचा, असं तुम्ही विचारलंय. कारण एकच फॉर्म, एकच वेळ आणि एकच खोली ठेवली तर दोघांच्या पदरात वेगवेगळं पडतं. आपल्याच असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात ते दिसतं.

३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराची जोखीम मोजणारा कागद, आशाताई भरतात. वय, तंबाखू, दारू, कंबर, हालचाल आणि घरातले आजार यांना गुण असतात. बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी. कंबरेला बाईचे ८० सेंटिमीटरपर्यंत शून्य गुण, पुरुषाचे ९० पर्यंत. शरीरातला फरक इथे धरलाय, पण जगण्यातला निसटतो.

मिश्रीचंच बघा. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई अगदी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ती पूड तिच्या लेखी दात घासायची वस्तू आहे. रकान्यात शून्य पडतं आणि तोंडाची तपासणी मागे राहते. म्हणून 'दाताला काय लावता, दिवसातून कितीदा?' असं विचारायला हवं. उलट दिवसभर खुरपणारी बाई 'व्यायाम नाही' असं सांगून उगाच एक गुण वाढवून घेते. तिथे कामाचे तास विचारावेत.

मला सगळ्यात जास्त खटकते ती गरोदरपणातली नोंद. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली की ती बाई जोखमीची ठरते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं, पण तोवर ती माहेरी असते आणि सगळ्यांचं लक्ष बाळाच्या लसीकडे. पंचविशीत कळलेली ही जोखीम माता-बाल कार्डातच राहते. तिशीत फॉर्म भरताना तिची सुरुवात पुन्हा शून्यापासून होते. 'गरोदरपणी साखर किंवा बीपी वाढलं होतं का?' हा एक प्रश्न आणि अशा बायकांची दरवर्षी साखर-बीपी तपासणी, तिशीची वाट न बघता, एवढं तरी हवंच.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या १०० पैकी २ बायकांचीही झालेली नव्हती. खरं तर तपासणी साधी आहे: ५ मिलि ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ९५ मिलि पाण्यात, ते गर्भाशयमुखाला लावून एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग दिसतो का ते बघायचं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी ही तपासणी करून घेतली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उपकेंद्रात ती अडते साध्या गोष्टींवर. खोलीला कडी नसते, टेबलाजवळ नीट उजेड नसतो, द्रावण रोज ताजं होत नाही. आणि डाग दिसलाच तर तालुक्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि घरच्यांची परवानगी. गळती इथेच होते. डाग अशा उपचाराला योग्य असेल तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर उष्णतेने उपचार करता येतात. माझ्या मते पैसा आधी उष्णता देणाऱ्या त्या यंत्रावर खर्चावा.

पुरुषांचं गणित निराळं. सकाळी अकराला आशाताई येतात तेव्हा ते घरी नसतात. त्यांचं बीपी आठवडी बाजारात, रिक्षा स्टँडवर, दूध संकलनाच्या वेळी मोजावं लागतं. ऊसतोडीला जाणारी जोडपी तर दिवाळीनंतर गावातच नसतात. त्यांची तपासणी दसऱ्याआधी उरकून पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत द्याव्यात.

जिल्ह्याच्या अहवालात 'किती तपासले' एवढंच विचारू नका. तपासले, निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, बीपी आटोक्यात आलं, या चारही पायऱ्यांवर स्त्री आणि पुरुष असे वेगळे आकडे मागा. कोणत्या पायरीवर कोण गळतंय ते त्यातच दिसेल.