वाचकांचे प्रश्न: कैगा, दूध आणि पाणी

प्रश्न: माझी बहीण कारवार भागातल्या कद्र्याकडे दिली आहे. तिथल्या कैगा अणुवीज प्रकल्पाच्या आसपासचे दूध, भात, मासे तपासतात असं ऐकतो. गावात माहितीसभा झाली तर नेमकं काय विचारावं? नुसतं 'सुरक्षित आहे' ऐकून तिचं समाधान होत नाही. (एक वाचक, खानापूर)

उत्तर: तिचं बरोबर आहे. कैगाला २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत आणि परिसरातले नमुने तिथल्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेत तपासतात. सभेत आकडा मागा आणि त्यासोबत एकक, ठिकाण, तारीखही मागा.

तारीख का, ते दुधावरून कळेल. गाय बरंच रान चरते, त्यामुळे गवतावर बसलेलं किरणोत्सारी आयोडीन-१३१ दुधात लवकर उतरतं आणि लहान मुलांच्या थायरॉइडमध्ये साठतं. पण ते दर ८ दिवसांनी निम्मं होतं. ८० दिवसांत हजारावा भागच उरतो. म्हणून नमुना कधी काढला आणि कधी मोजला, या दोन्ही तारखा हव्यात. तीन महिने पडून राहिलेली बाटली आयोडीनबद्दल काहीच सांगत नाही.

उलट चूकही होते. लिटरभर दुधात दीड ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं आणि त्याचे नैसर्गिक किरण ४५ बेकरेलच्या (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं) घरात भरतात. कुणी 'एकूण बीटा ४५' (सगळ्या बीटा किरणांची बेरीज) दाखवून घाबरवलं तर 'पोटॅशियम वजा केलंत का?' असं विचारा. सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य सापडलं तरी लगेच प्रकल्पावर बोट ठेवू नये, कारण जुन्या अणुचाचण्यांचा अंश अजून मातीत आहे. दूरच्या गावचा आकडा शेजारी ठेवला की फरक दिसतो.

शेवटी श्वास, अन्न, पाणी असे सगळे मार्ग धरून माणसाला वर्षाला किरणोत्साराची किती मात्रा मिळते ते विचारा. जनतेसाठीची मर्यादा वर्षाला १००० मायक्रोसिव्हर्ट (हे त्या मात्रेचं एकक) आहे. सभेत उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस.

 

प्रश्न: खिशात मावणाऱ्या गायगर काउंटरने (किरण मोजण्याच्या यंत्राने) विहिरीचं पाणी तपासता येईल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: नाही. कैगासारख्या जड पाण्याच्या भट्टीत पाण्याबाबत मुख्य लक्ष ट्रिटियमवर, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सारी प्रकारावर असतं. जड पाण्यातला ड्यूटेरियम (हायड्रोजनचा जड प्रकार) न्यूट्रॉन शोषतो आणि ट्रिटियम बनतो. त्याचे बीटा कण इतके दुबळे की हवेत सेंटिमीटरभरही जात नाहीत. काउंटरच्या नळीत शिरणं दूरच. २००९ मध्ये कैगात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं गेलं, तेही कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत उघडकीला आलं.

तुमच्या विहिरीला मात्र कैगाचं पाणी पोचत नाही. कैगाजवळची काळी नदी कारवारला समुद्राला मिळते, तर बेळगावचं पाणी मार्कंडेयातून पूर्वेला कृष्णेकडे जातं.

काळीकाठच्या कुणाला तपासणी करायचीच असेल तर स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळा, काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट लावा. वर हवा राहिली तर वाफेची देवाणघेवाण होऊन आकडा बिघडतो. आम्ल घालू नका. प्रयोगशाळेत पाणी ऊर्ध्वपातित करून (उकळून, वाफ थंड करून) द्रव सिंटिलेशन काउंटरवर, म्हणजे असे दुबळे बीटा कणही पकडणाऱ्या यंत्रावर मोजायला सांगा. पिण्याच्या पाण्यातल्या ट्रिटियमसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा लिटरला १०,००० बेकरेल आहे. आलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहा.