किट तपासायच्या आधी कपाट बघ
सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर मलेरियाची किट, म्हणजे रक्ताच्या थेंबावर झटपट निदान करणारी, किती अचूक आहेत ते तपासायला निघतेयस, तर आधी साठवण बघ. बहुतेक किटवर ३० किंवा ४० अंशांची मर्यादा छापलेली असते. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या कपाटात ती सहज ओलांडली जाते. वेळ घड्याळ लावूनच मोज, उशिरा वाचलेली रेघ फसवते. पुसट रेघही पॉझिटिव्हच, हे आशाताईंना समोर करून दाखव. प्रत्येक रुग्णाची सूक्ष्मदर्शकाखाली बघायची रक्ताची स्लाइडही घे आणि ती वाचणाऱ्याला किटचा निकाल अजिबात कळू देऊ नकोस. आणि हो, गेल्या महिन्यात मलेरियाचं औषध घेतलं का, हे विचारच! फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीचं एचआरपी-२ प्रथिन बरीच किट पकडतात, आणि ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, म्हणून बरा झालेलाही पॉझिटिव्ह दिसू शकतो. मी एकदा हे विचारायला विसरले. अख्ख्या पाड्याच्या नोंदी बाजूला ठेवाव्या लागल्या.