चहाचा ‘मर्डर’ करणारे पाहुणे आणि बाकीची इंग्रज मंडळी

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की साहेबाच्या बोलीबद्दल काय अडलं असेल ते विचारा. तर पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, बाकी अर्ध्या मंडळींनी फक्त शिव्यांचे अर्थ विचारलेत, ते इथे छापता येत नाहीत. उरलेल्यांतले हे काही.

प्रश्न : तारकर्लीला आमचा होमस्टे आहे. दिवाळीनंतर एक इंग्रज जोडपं राहायला आलं. सकाळी उठल्या उठल्या नवरा म्हणतो, ‘आय कुड मर्डर अ कप ऑफ टी’. सासूबाईंना त्यातलं मर्डर तेवढं कळलं, त्या आतच बसून राहिल्या. रात्री सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, आंबोळ्या, सोलकढी सगळं साग्रसंगीत केलं तर म्हणतो ‘नॉट बॅड अ‍ॅट ऑल’. एवढं राबून नॉट बॅड? खरं सांगू, राग आला. — होमस्टेवाल्या ताई, तारकर्ली

उत्तर : ताई, सासूबाईंना सांगा कोणाच्या जिवाला धोका नव्हता, त्याला चहाची तल्लफ आलेली. असं ते करीचं पण म्हणतात, बिअरचं पण म्हणतात, जे आत्ता या क्षणी हवंय त्याचा मर्डर.

आणि ‘नॉट बॅड अ‍ॅट ऑल’चा राग तर अजिबात धरू नका, ती पावती होती. तुमच्याकडचे म्हातारे जेवून उठताना कधी ‘वा वा अप्रतिम’ म्हणतात काय? ‘बरां झाला हां’ एवढं म्हणाले की सुनेने समजायचं जिंकलं. इंग्रज माणूस तसाच. त्याचं ‘नॉट बॅड’ म्हणजे मस्त. उलट ‘क्वाइट गुड’ म्हणाला आणि आवाज थोडा खाली आला तर समजा ठीकठाकच होतं, आणि ताटाकडे बघून ‘दॅट्स इंटरेस्टिंग’ म्हणाला तर उद्या तो पदार्थ करू नका. ‘आय अ‍ॅम स्टफ्ड’ म्हणजे पोट तुडुंब भरलं, अजून वाढू नका (तुम्ही वाढणार, ते माहितीये). सकाळी उठून ‘आय वॉज अ बिट पिस्ड लास्ट नाइट’ म्हणाला तर तो चिडला नव्हता, प्यायलेला होता. अमेरिकन पाहुण्याच्या तोंडी तोच शब्द आला तर मात्र चिडलेलाच.

होमस्टेवाल्यांनी खरं जपायचं ते एका शब्दाला, ‘टी’ला. उत्तर इंग्लंडातल्या बऱ्याच घरांत ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण आणि ‘डिनर’ म्हणजे दुपारचं. म्हणजे पाहुणा विचारतो ‘व्हॉट टाइम इज टी?’, तुम्ही सांगता सहाला, आणि सहाला तुम्ही चहा-खारी घेऊन जाता आणि तो बिचारा मासे कधी येतात म्हणून वाट बघत बसतो. त्यामुळे ‘टी, की फूड?’ असं सरळ विचारून घ्यायचं. नुसता चहा हवा असेल तर तिकडचे लोक बऱ्याचदा ‘ब्रू’ म्हणतात. आणि ‘बिल्डर्स टी’ मागितला तर खूश व्हा, कारण तो कडक, दूध घातलेला, बहुतेक वेळा साखरेचा चहा, आपल्या टपरीच्या जवळ जाणारा, फक्त आलं नाही.

प्रश्न : मी जहाजावर फोर्थ इंजिनियर आहे, गाव हर्णै. आमचे चीफ लंडनचे. इंजिन रूममध्ये म्हणाले ‘हॅव अ बुचर्स अ‍ॅट दॅट पंप’. मला वाटलं बुचर नावाचं काही टूल असेल, मी स्टोअरमध्ये शोधत बसलो. परत आलो तर ‘यूज युअर लोफ!’ हे काय प्रकरण आहे? — हर्णैकर

उत्तर : हे कॉकनी. लंडनच्या ईस्ट एंड भागातली बोली, आणि तिथली जुनी म्हण अशी की चीपसाइडच्या सेंट मेरी-ल-बो चर्चच्या घंटा ऐकू येतील एवढ्या अंतरात जो जन्मला तो अस्सल कॉकनी. या लोकांनी एकोणिसाव्या शतकात एक यमकाचा खेळ काढला, तो अजून चालू आहे. कसंय बघा, ‘लुक’ला यमक ‘हुक’, म्हणून ‘लुक’च्या जागी म्हणायचं ‘बुचर्स हुक’, आणि मग गंमत म्हणजे ज्याच्यामुळे यमक जुळलं तो ‘हुक’च टाकून द्यायचा. उरलं ‘बुचर्स’. तसंच ‘हेड’ला यमक ‘ब्रेड’, म्हणून ‘लोफ ऑफ ब्रेड’, त्यातला ब्रेड गेला, राहिला लोफ. चीफ म्हणत होते पंपाकडे जरा बघ, आणि मग म्हणाले डोकं वापर.

मराठीत करून बघायचं तर फोनला यमक दोन, म्हणून फोन म्हणजे ‘एक-दोन’, मग दोन गाळायचा. ‘अरे माझा एक कुठे ठेवलास? चार्जिंगला लाव.’ बाहेरच्याला काय डोंबल कळणार! लहानपणी आपण ‘च’ची भाषा बोलायचो ती निदान नियम कळला की उलगडते, इथे तर किल्लीच फेकून दिलेली असते. हे का सुरू झालं याबद्दल कोणी सांगतं फेरीवाल्यांना गिऱ्हाइकासमोर आपसात बोलता यावं म्हणून, कोणी सांगतं चोरांना पोलिसांपासून लपवायला. मला विचाराल तर मजा येत होती म्हणून, हेच पटतं.

जहाजावर कामी येतील असे थोडे : ‘डॉग अँड बोन’ म्हणजे फोन, ‘अ‍ॅपल्स अँड पेअर्स’ म्हणजे स्टेअर्स, जिना. ‘पोर्कीज’ म्हणजे ‘पोर्क पाइज’, म्हणजे लाइज, थापा. ‘बार्नेट’ म्हणजे केस, कारण बार्नेट फेअर नावाची जत्रा आणि हेअर. ‘रुबी’ म्हणजे करी, कारण रुबी मरे नावाची बेलफास्टची गायिका १९५०च्या दशकात फार गाजली होती, मरे आणि करी. तोंडाने फुर्रर्र आवाज काढण्याला इंग्लिशमध्ये रास्पबेरी म्हणतात ना, ती पण यातूनच आली, पूर्ण शब्द ‘रास्पबेरी टार्ट’, आता टार्टचं यमक तुम्हीच जुळवा, मासिक घरात सगळे वाचतात.

बाकी चीफ पंपाला ‘नॅकर्ड’ म्हणाले तर पंप गेला, स्वतःला म्हणाले तर ते दमले. म्हाताऱ्या, निकामी घोड्यांचा जो विकत घेऊन निकाल लावायचा त्याला नॅकर म्हणत, शब्द तिथला. ‘स्टॉप फॅफिंग’ म्हणजे उगाच इकडेतिकडे करत वेळ काढू नको. आणि काम समजावून झाल्यावर ‘अँड बॉब्स युअर अंकल’ म्हणाले तर तुमच्या काकांचा संबंध नाही, ‘की झालं काम’ एवढाच अर्थ. याची गोष्ट अशी सांगतात की रॉबर्ट सेसिल, म्हणजे पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी, यांनी १८८७ साली आपल्या भाच्याला, आर्थर बाल्फरला, आयर्लंडचं मोठं पद दिलं; बॉब मामा असल्यावर काय हवं. गोष्ट झकास आहे, पण हा वाक्प्रचार छापलेला सापडतो तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, त्यामुळे गजाल म्हणून ऐका.

प्रश्न : मुलगी नर्स आहे, सावंतवाडीहून थेट न्यूकॅसलला गेली. इंग्लिशची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली तरी आता रोज फोनवर रडवेली होते, म्हणते आई पेशंट काय बोलतात ते निम्मं कळत नाही, परत येऊ का. — एक आई, सावंतवाडी

उत्तर : काकू, तिला सांगा लंडनचा माणूस न्यूकॅसलला गेला तरी त्यालाही पहिले काही दिवस कान टवकारावे लागतात. तिथल्या बोलीला जॉर्डी म्हणतात. त्यात कोणी उत्तरादाखल नुसतंच ‘आय’ म्हणालं तर ते मी नाही, ‘हो’. ‘बेर्न’ म्हणजे पोर. ‘गॅन’ म्हणजे जाणे आणि ‘यॅम’ म्हणजे घर, त्यामुळे आजोबा ‘व्हेन अ‍ॅम आय गॅन यॅम’ म्हणाले तर ते डिस्चार्ज कधी विचारतायत. ‘कॅनी’ म्हणजे चांगला, छान. हे बिघडलेलं इंग्लिश नाही हो, यातले ‘बेर्न’सारखे शब्द खूप जुने आहेत, दक्षिणेतल्या लोकांनी टाकले, यांनी ठेवले.

सगळ्यात जास्त गोंधळ घालतो तो ‘अस’. ‘पास अस मी ग्लासेस, पेट’ असं आजी म्हणाल्या तर ‘आम्हाला’ नाही, ‘मला’. खोलीत दुसरं कोण आहे म्हणून बघत राहायचं नाही, ‘मी’ म्हणजे तिथे ‘माझा’, चष्मा उचलून द्यायचा. आणि ‘पेट’ म्हणजे पाळीव प्राणी नाही, बाय माझी. कोणी ‘हिनी’ म्हणेल, तेही तसंच. पुढे कधी नॉटिंगहॅमला बदली झाली तर तिथे ‘डक’ म्हणतील, ग्लासगोला ‘हेन’, ब्रिस्टॉलला भाजीवाला सुद्धा ‘माय लव्हर’ म्हणेल. घाबरू नको म्हणावं. आपल्याकडे सख्ख्या मित्राला ‘मेल्या’ म्हणतात ते परक्याला समजावून सांगा बघू.

सहकारी येता-जाता ‘यू ऑलराइट?’ विचारतील. तिला वाटेल माझं तोंड आजारी दिसतंय काय. नाही. रस्त्यात भेटला की ‘खंय चललंस?’ विचारतो तेव्हा आपल्याला कुठे पत्ता हवा असतो? ‘ऑलराइट’ असंच परत म्हणायचं आणि पुढे जायचं.

आता कामाचं, आणि हे तिला नक्की वाचून दाखवा. जुन्या पिढीतले पेशंट दुखणं उघड सांगत नाहीत. ‘अ बिट पुअरली’ म्हणजे बरं नाही, पण किती ते कळत नाही. ‘मस्टन्ट ग्रंबल’ म्हणजे तक्रार कशाला करायची, आणि हे म्हणणारा माणूस वेदनेने कळवळत असू शकतो. म्हणून शब्दावर जायचं नाही, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय ते विचारायचं आणि चेहऱ्याकडे बघायचं. ‘वॉटरवर्क्स’ची तक्रार म्हणजे लघवीची, ‘स्पेंड अ पेनी’ म्हणजे बाथरूमला जायचंय, कारण पूर्वी सार्वजनिक संडासाच्या दाराला एक पेनीचं नाणं टाकावं लागायचं. आणि नाही कळलं तर ‘से दॅट अगेन, पेट’ म्हणायचं बिनधास्त. मालवणी ऐकत वाढलेली पोर आहे, तिचे कान लवकर बसतील. परत बोलावू नका.

प्रश्न : खरा ब्रिटिश अ‍ॅक्सेंट कुठला? आमच्या इथला क्लासवाला गॅरंटीने शिकवतो म्हणतो. — विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : फी भरलीस काय? नसशील तर थांब. लिव्हरपूल ते मँचेस्टर साधारण ५० किलोमीटर, म्हणजे चिपळूण ते गुहागर धर, आणि तेवढ्यात बोली ओळखू येणार नाही एवढी बदलते. लिव्हरपूलवाले स्काऊस, हे नाव ‘लॉबस्काऊस’ या खलाशांच्या मांस-बटाट्याच्या रश्श्यावरून पडलं, बंदराच्या गावाला शोभेल असंच. बर्मिंगहॅमवाले ब्रमी, त्यांची बाकीचे टर उडवतात, मला तो हेल आवडतो. यॉर्कशायरमध्ये ‘द’ गिळतात, नुसता ‘ट्’ उरतो, ‘नथिंग’चं ‘नाऊट’ आणि ‘समथिंग’चं ‘समट’ होतं. उत्तरेत बस ‘बुस’सारखी ऐकू येते, कप ‘कुप’सारखा, दक्षिणेत ‘बाऽथ’ तर उत्तरेत ‘बॅथ’. साध्या गोल पावाला मँचेस्टरकडे बार्म, नॉटिंगहॅमला कॉब, कोव्हेंट्रीला बॅच, आणि यावर ते हमरीतुमरीवर येतात.

क्लासवाला जो शिकवतो तो जुन्या बीबीसीवाल्या निवेदकांचा, त्याला आरपी म्हणतात, तसं बोलणारे तिथेही मूठभर. स्पष्ट बोल, घाई करू नको, इंटरव्ह्यूला एवढं पुरे.

आपल्याला जवळचं वाटेल ते कॉर्नवॉल, इंग्लंडचं कोकणच ते, समुद्र, मासे, उन्हाळ्यात टुरिस्ट. तिथे ‘ड्रेक्ली’ म्हणतात. मूळ शब्द ‘डायरेक्टली’, म्हणजे लगेच, पण कॉर्नवॉलचा प्लंबर ‘ड्रेक्ली येतो’ म्हणाला तर अर्थ होतो येईन कधीतरी. आणि सिनेमातले चाचे ‘आर्रर्र’ करतात ना, तो त्याच पश्चिम भागाचा ‘र’. १९५० सालच्या ‘ट्रेझर आयलंड’ सिनेमात रॉबर्ट न्यूटनने चाच्याचं काम केलं, तो जन्माने डॉर्सेटचा, त्याने तिकडचाच हेल जोरात लावला आणि तेव्हापासून सगळे चाचे तसेच बोलायला लागले.

प्रश्न : त्यांनी आपलेही शब्द उचलले असतील ना? बोंबलाला ते बदक का म्हणतात? — निवृत्त शिक्षक, अलिबाग

उत्तर : गुरुजी, उचलले की. ‘पक्का’चं पुक्का, ‘देखो’चं डेको, आरामाच्या नोकरीला ‘कुशी’ म्हणतात ते खुशवरून, आणि मायदेशाला ‘ब्लायटी’ हे विलायतीवरून. पण आपल्या महाराष्ट्राचा मान म्हणजे ‘डूलॅली’. डोकं फिरलेल्या माणसाला ते ‘गॉन डूलॅली’ म्हणतात. हे आपलं नाशिकजवळचं देवळाली! तिथे ब्रिटिश फौजेची छावणी होती, मुदत संपलेले सोल्जर घरी जायच्या बोटीची वाट बघत तिथे पडून असायचे, बोटी ठरावीक महिन्यांतच, काम काही नाही, ऊन आणि कंटाळा. जुना पूर्ण शब्द ‘डूलॅली टॅप’, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

बोंबलाला ‘बॉम्बे डक’ म्हणतात तो डाकगाडीतून वासासकट जायचा म्हणून, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. पण आपली रेल्वे सुरू झाली १८५३ साली आणि शब्द त्याच्या आधीच्या छापील मजकुरात सापडतो. तेव्हा डाकगाडीला सोडून द्या, बोंबील कुरकुरीत तळा.

प्रश्न : मुरुडला बीचजवळ माझं कपड्यांचं दुकान आहे. बोर्डवर ‘कॉटन पँट्स फॉर बीच’ लिहिलंय. इंग्रज गिऱ्हाईक वाचून हसतात आणि फोटो काढतात. — दुकानदार, मुरुड

उत्तर : दादा, ब्रिटनमध्ये पँट्स म्हणजे चड्डी. आपण पँट म्हणतो त्याला ते ट्राउझर्स म्हणतात. शिवाय एखादी गोष्ट फालतू असेल तरी ‘दॅट्स पँट्स’ म्हणतात, म्हणजे तुमच्या बोर्डाचा दुहेरी अपमान चाललाय. ‘ट्राउझर्स’ करून घ्या. अर्थात लँकशायरकडे बऱ्याच ठिकाणी पँट्स म्हणजे आपली पँटच, त्यामुळे कोणी आत येऊन पँट्स मागितली तर माल काढायच्या आधी गाव कुठलं ते विचारा.